दोष नव्या सॉफ्टवेअरचा

माझे बाबा लोकांना अर्ज टाइप करून द्यायचे. कचेरीच्या मागच्या दारासमोर एक लांबट गाळा आहे. त्यात दोन टेबलं. दाराजवळचं शिक्केकाकांचं, ते रबरी शिक्के बनवतात, आतलं बाबांचं. एकतीस वर्षं बाबा त्या टेबलाशी बसले. आधी टाइपरायटर होता, मग संगणक आला. पत्ता बदलायचाय, नावात दुरुस्ती हवीय, पेन्शन अडकलीय, वरच्या मजल्यावरचं पाणी आपल्या भिंतीत झिरपतंय... माणसं समोरच्या स्टुलावर बसून आपलं रडगाणं सांगायची आणि बाबा त्यातून एक पानाचा सरळसोट अर्ज काढायचे.

त्यांची एक खोड होती. जुन्या फाइलीवरून नवा अर्ज ते कधी काढत नसत. इतर टायपिस्ट काय करतात, आधीच्या माणसाचा अर्ज उघडतात, नाव-पत्ता बदलतात, की झालं काम. बाबा प्रत्येक माणसासाठी कोरं पान उघडायचे आणि 'महोदय'पासून 'आपला विश्वासू'पर्यंत सगळं नव्यानं टाइप करायचे.

शिक्केकाका म्हणायचे, "अहो, तेच ते परत परत काय बडवताय? पीठ दळताय का?"

"तुम्ही एकच शिक्का चार जणांना विकता का?" बाबा विचारायचे.

"विकला असता, पण नावं वेगळी असतात ना त्यांची!"

"मग? रडणंही वेगळं असतं."

त्या संगणकावर बाबा विकतचं ऑफिस सॉफ्टवेअर वापरायचे. दर वर्षी त्याची वर्गणी भरावी लागे. या वर्षी वर्गणी वाढली, बाबांनी भरायचं लांबवलं आणि एके सकाळी पडद्यावर पिवळी पट्टी आली. फाइली उघडायच्या, वाचता यायच्या; पण एक अक्षरही त्यात टाइप होईना. वाचा खुशाल, लिहायचं मात्र नाही. बाबांनी मला फोन केला. मी बसच्या दोन थांब्यांवर राहते. ठमीला कडेवर घेऊन गेले. ठमी माझी मुलगी, अडीच वर्षांची.

रस्ताभर मी मनातल्या मनात मुद्दे जुळवत होते. कॉलेजात आम्ही सगळे जे मोफतचं सॉफ्टवेअर वापरायचो, ते बाबांना द्यायचं मी ठरवलं होतं. पण बाबा म्हणजे दाढीचं ब्लेडसुद्धा तीस वर्षं एकाच कंपनीचं वापरणारा माणूस. तासभर तरी हुज्जत घालावी लागणार, असं धरून चालले होते.

"जगभरातल्या लोकांनी मिळून बनवलंय, बाबा," मी सुरुवात केली. "कुणीही घ्यावं, कुणीही वापरावं. आत ते कसं चालतं तेसुद्धा उघडं ठेवलंय, ज्याला कळतं त्यानं दुरुस्त करावं. पैसे नाहीत, वर्गणी नाही, पिवळी पट्टी नाही."

"फुकट करतात हे लोक?"

"बरेचसे, हो."

"आणि त्यांच्या बायका काही म्हणत नाहीत?"

शिक्केकाकांनी कातरकाम थांबवलं. "फुकटात मी आजवर फक्त सल्ला दिलाय. तोही कुणी घेतला नाही. जपून हं."

"तुमच्या जुन्या फाइली त्यात उघडतील," मी पुढे रेटलं, "थोडे दिवस बटणं शोधावी लागतील, पण—"

"टाक," बाबा म्हणाले.

"बाबा, थोडं वेगळं दिसेल हं ते."

"टाक म्हटलं ना. वेगळं दिसू दे."

मला इतकं भरून आलं. घरी आल्यावर मी नवऱ्याला सांगितलं, बाबा किती बदललेत बघ, या वयात नवं शिकायला एका शब्दात तयार झाले.

पहिले दोन आठवडे बाबा रोज फोन करायचे. छापायचं बटण कुठे गेलं? समास कसा वाढवायचा? मी सांगायची. मग तेच परत विचारायचे. मी मोठ्या अक्षरांत एक पुठ्ठा लिहून पडद्याशेजारी चिकटवला. मेनूची मांडणी बदलून जुन्यासारखी पट्टी करून दिली. अक्षर जुन्यासारखंच जाडसर निवडून दिलं. प्रत्येक वेळी वाटायचं, आता बसेल यांच्या हाताला.

बसेना. एका पेन्शनच्या अर्जात तारीखच नव्हती. एका अर्जात शेवटचा परिच्छेद दोनदा आला. लोक परत यायचे आणि बाबा पडद्याकडे बोट दाखवायचे. "नवं आहे हो हे. मुलीनं टाकून दिलंय. हात बसायचाय अजून." लोक समजून घ्यायचे. आपापल्या मोबाइलचं, बँकेचं, कुठल्या कुठल्या नव्या यंत्राचं गाऱ्हाणं सांगत थांबायचे.

शिक्केकाका मात्र मला दारातच म्हणाले, "तुमच्या बाबांचं गिऱ्हाईक हल्ली दोनदा चहा पिऊन येतं. चहावाल्याला टक्केवारी द्यायला सांगा."

मी हसले. घरी येऊन पुन्हा त्या मेनूत काहीतरी बदलता येतं का ते शोधत बसले.

मग त्या बाई आल्या. मी गाळ्यातच होते, ठमीला दूध पाजत. बाई कापडाच्या गिरणीत काम करणाऱ्या. बहीण वारलेली, बहिणीची चार वर्षांची मुलगी संस्थेत ठेवलेली, तिला आपल्या ताब्यात घ्यायचा अर्ज बाबांनी करून दिला होता. त्यांनी तो कागद टेबलावर ठेवला. भाचीचं नाव जिथे हवं तिथे बाईंचं स्वतःचं नाव होतं. वर, खाली, सगळीकडे. त्या अर्जाप्रमाणे बाई स्वतःचाच ताबा स्वतःकडे मागत होत्या. साहेबानं तो परत केला होता आणि पुढची तारीख तीन आठवड्यांनी दिली होती.

बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मला वाचता येत नाही नीट, म्हणून मी बघितलं नाही," त्या म्हणाल्या. "काका चांगले आहेत. मशीन नवीन आहे, असं त्यांनी सांगितलं होतं मला. तीन आठवडे काय, जातील. फक्त तिला सांगून आले होते मी, आज नेते म्हणून."

मी ठमीला इतकं घट्ट धरलं की ती रडायला लागली. तो अर्ज मी स्वतः टाइप करून दिला, चार वेळा वाचून. बाबा स्टुलावर बसून होते, हात मांडीवर ठेवून.

त्या संध्याकाळी आईनं दादाला फोन केला. दादा माझा थोरला भाऊ, दूर दुसऱ्या शहरात असतो. त्यानं आईला लाइनवर ठेवूनच मला फोन जोडला.

"तुला कुणी सांगितलं होतं बाबांवर प्रयोग करायला? एकतीस वर्षांत एक अर्ज परत आला नव्हता त्यांचा."

"अरे, त्यांनाच विचारून—"

"त्यांना काय विचारतेस? ते तुला नाही म्हणणारेत का? तू त्यांची लाडकी. फुकटचं ते फुकटचंच असतं. मी विकतचं घेतलंय त्यांच्या नावानं, तीन वर्षांचं. ते चालू करायची किल्ली पाठवलीय तुला फोनवर. रविवारी बसव आणि तो कचरा काढून टाक."

आई मधेच म्हणाली, "तिला ओरडू नकोस रे, लहान पोर आहे तिला." आणि मग मलाच म्हणाली, "पण काढ हो ते. झोपेत बोटं हलवतात गं तुझे बाबा."

रविवारी कचेरी बंद. गाळ्यात आम्ही तिघंच. बाबा ठमीला शिक्केकाकांच्या टेबलावरचे रद्दीतले शिक्के दाखवत होते, ती ते कागदावर उमटवत होती. मी सगळ्या फाइलींची आधी एक प्रत काढून ठेवायला बसले. तेवढी धास्ती मला कायमच असते. ठमीला शिंक आली तरी मी वेळ लिहून ठेवते. तिची वही माझ्या पिशवीत असते. झोप किती, ताप किती, नवा शब्द कुठला, सगळं तारखेसकट.

कुठल्या फाइली जुन्या सॉफ्टवेअरमधल्या आणि कुठल्या नव्यातल्या, ते बघायला मी एका फाइलीची माहिती उघडली. तिथे तारीख असते, शब्द किती ते असतं आणि खाली एक ओळ असते: ही फाइल लिहिण्यात एकूण किती वेळ गेला. ती ओळ मी आजवर कधी वाचली नव्हती. पत्ताबदलाचा अर्ज, एक पान. एक तास पाच मिनिटं.

फाइल नुसती उघडी राहिली असेल, असं वाटलं. दुसरी उघडली. पत्ताबदलच. अठ्ठावन्न मिनिटं.

बाबा प्रत्येक अर्ज कोऱ्या पानावर करायचे आणि छापून माणसाच्या हातात दिला की फाइल बंद करायचे. म्हणजे तो आकडा म्हणजे त्या एका अर्जाचा वेळ, दुसरं काही नाही. मी ठमीची वही काढली. मागच्या पानावर दोन रकाने आखले, तारीख आणि मिनिटं. फक्त पत्ताबदलाचे अर्ज घ्यायचे ठरवलं, कारण ते सगळे सारखे. आणि मागे मागे जात राहिले. मला बघायचं होतं, की मी नवं सॉफ्टवेअर टाकलं त्या दिवशी आकडा कसा एकदम वर उडाला. ते लिहून मी दादाला पाठवणार होते. चूक माझी, कबूल, हे घे आकडे, असं.

आकडा उडालाच नव्हता.

नवं टाकलं त्याच्या आदल्या आठवड्यात, जुन्या, विकतच्या, हातात मुरलेल्या सॉफ्टवेअरमध्ये बाबांना पत्ताबदलाच्या अर्जाला बावन्न मिनिटं लागली होती. नव्यातल्या पहिल्या अर्जाला पन्नास. त्याच्या सहा महिने आधी पस्तीस. त्याच्या आधी बावीस. मग चौदा. अडीच वर्षांपूर्वी नऊ, दहा, आठ, नऊ.

ठमी जन्मली त्या महिन्यातही नऊ होते. तेव्हापासून मी तिच्या झोपेची मिनिटं मोजत होते आणि बाबांची ही मिनिटं चढत गेली होती.

किल्ली फोनमध्ये होती. ती वापरून दहा मिनिटांत जुनं बसवता आलं असतं. मी वहीकडे बघत बसले आणि मनापासून वाटत होतं, की चूक माझीच असावी. मी टाकलेल्या त्या फुकटच्या गोष्टीचीच असावी. ती काढून टाकता आली असती.

"काय लिहितेस एवढं?" बाबा मागे येऊन उभे होते. मी वही मिटायच्या आत त्यांनी ती वाचली होती. वाचणं त्यांचं अजून तसंच होतं, एका नजरेत पान.

"किती मागे गेलीस?" त्यांनी विचारलं.

"अडीच वर्षं."

"हं." ते स्टुलावर बसले, गिऱ्हाइकाच्या जागी. "एक लेथवर काम करणारा माणूस होता. बोट तुटलं होतं त्याचं, भरपाईचा अर्ज होता. मी 'महोदय' लिहिलं आणि पुढचं येईना. म्हणजे शब्द येईना असं नाही गं. पुढे काहीतरी असतं हेच येईना. बसलो नुसता. तो म्हणाला, काका, मशीन अडकलं का? मी म्हटलं, हो, अडकलं."

"मग?"

"मग तो थांबला. चहा पिऊन आला. तोवर आलं मला." त्यांनी पडद्याकडे हनुवटीनं खूण केली. "तेव्हापासून मी मशीनवर ढकलत होतो. पण जुनं मशीन, जुनं सॉफ्टवेअर, रोज रोज किती अडकणार? शिक्केकाका बघत असतात. तेवढ्यात ती पिवळी पट्टी आली आणि तू म्हणालीस, नवं टाकूया."

मला त्यांचं ते 'टाक' आठवलं.

"नवं म्हटलं की माणसं थांबतात," बाबा म्हणाले. "विसरलो म्हटलं की उठून जातात."

ठमीनं दुसऱ्या टेबलाकडून हाक मारली, कागद दाखवला. बाबांनी "वा वा" म्हटलं. मग खाली बघत म्हणाले, "त्या बाईंचं मात्र झोंबलं मला. त्या पोरीचं."

"डॉक्टरांकडे जाऊया."

"जाऊ. टेबलही सोडतो. दुसऱ्या कुणाचं असं व्हायला नको." मग त्यांनी माझा हात धरला, जे ते कधी करत नाहीत. "फक्त आईला आणि दादाला तू काही सांगू नकोस. मी सांगेन. माझ्या तोंडानं सांगू दे मला. तोवर दोष सॉफ्टवेअरचाच राहू दे."

"म्हणजे माझाच राहू दे, असं म्हणा ना."

"तू आहेस खंबीर," ते म्हणाले. मी खंबीर नाही. पण हो म्हटलं.

डॉक्टरांनी घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले, फोटो काढले डोक्याचे. मग जे सांगितलं त्यात मला ऐकायचं होतं ते काही नव्हतं. औषधानं विसरण्याचा वेग थोडा कमी होईल, म्हणाले. घरी आम्ही सांगितलं, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो होतो.

महिन्याअखेर बाबांनी टेबल सोडलं. शिक्केकाकांनी त्यांच्या नावाचा एक शिक्का करून दिला आणि म्हणाले, "हा फुकट. सल्ला पण नाही सोबत." पाठ वळवून ते बराच वेळ कातर शोधत राहिले, ती समोरच होती.

दादा फोनवर माझ्याशी दोन वाक्यांपलीकडे बोलेना. "तीन वर्षांचं घेऊन दिलं होतं मी," एवढंच पुन्हा पुन्हा. आई बोलायची, पण भांडी जरा जोरात ठेवायची. "घरात बसून माणूस कसा झालाय बघ. काही गरज होती का गं? चाललं होतं ना त्यांचं?" मी म्हणायची, "चुकलं आई." बाबा समोर बसलेले असायचे आणि माझ्याकडे बघून मान किंचित हलवायचे, म्हणजे सांगतो, लवकरच सांगतो. मी वाट बघायची. एक आठवडा गेला, दुसरा गेला. कधी वाटायचं आज सांगतील, आज जेवताना घसा खाकरलाय. मग ते पाणी मागायचे.

नंतर नंतर मान हलवणंही थांबलं. मला वाटलं, धीर गोळा करताहेत.

त्या दिवशी दुपारी मी ठमीला घेऊन तिकडे गेले होते. आई ओट्याशी उभी राहून दूध गाळत होती. बाबा जेवणाच्या टेबलाशी बसले होते, समोर वर्तमानपत्र. मी डबा ठेवला, तर ते माझ्याकडे बघून एकदम म्हणाले, "तू असं करायला नको होतंस."

"काय, बाबा?"

"ते नवं टाकायला नको होतंस मशीनवर. चांगलं चाललं होतं माझं." आवाजात राग नव्हता, खरंखुरं वाईट वाटलेलं होतं. "मी तुला कधी काही बोललो नाही. तू हौसेनं केलंस. पण माझा हात बसलेला होता गं त्याच्यावर. लोकांसमोर हसं झालं माझं."

मी त्यांचे डोळे शोधले. तिथे काही लपवलेलं नव्हतं. आईसमोर नाटक करत होते असं नाही. रविवारचा तो गाळा, ती वही, लेथवाला, माझा धरलेला हात, सगळं त्यांच्याकडून गेलं होतं. आता ते फक्त माझ्याकडे होतं.

"हो बाबा," मी म्हटलं. "चुकलंच माझं."

"रडतेस काय? रडण्यासारखं काही नाही." त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "जुनं परत टाक म्हणजे झालं. दादानं घेऊन दिलंय ना? उद्या टाक. सकाळी मी गाळा उघडला की लगेच ये. साडेदहाला त्या बाई यायच्यात, भाचीच्या अर्जाच्या. पोरगी वाट बघतेय त्यांची."

गाळा सोडून सात आठवडे झाले होते. त्या बाई भाचीला घेऊन केव्हाच घरी गेल्या होत्या, गाळ्यात येऊन सांगूनही गेल्या होत्या, बाबांच्या हातात हात देऊन.

आईची पाठ आमच्याकडे होती. गाळणीतलं दूध गळायचं थांबलं तरी तिनं गाळणी तशीच धरून ठेवली. मग ती वळली. तिनं बाबांकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं. डोळ्यांचे डॉक्टर, सोडलेलं टेबल, माझं रोजचं 'चुकलं आई', सगळं ती एकेक करून उचलून बघत होती, तिच्या चेहऱ्यावर मला ते दिसत होतं.

"साडेदहाला ना?" तिनं बाबांना विचारलं, अगदी साध्या आवाजात.

"साडेदहाला."

"मग लवकर आंघोळ करावी लागेल तुम्हाला." तिनं गाळणी ओट्यावर ठेवली, हात पुसले, ठमीला माझ्याकडून घेतलं आणि बाबांच्या मांडीवर बसवलं. मला आतल्या खोलीत नेऊन तिनं दार लोटलं.

"कधीपासून?" ती म्हणाली.

मी सांगायला लागले.